गळलेली नावं

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. मेधालाही नाही — मेधा म्हणजे माझी बायको, जिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे, अगदी मधुमेह असताना कोपऱ्यावर उभं राहून चापलेल्या जिलबीपर्यंत. तुला सांगतोय. का सांगतोय? कारण द्यायला लागलो की माझी गाडी हमखास स्वतःच्या समर्थनावर येते, हा माझा जुना स्वभाव. तेव्हा कारण राहू दे.

आणि गोष्ट ऐकायला किती फालतू आहे बघ. घरातलं इंटरनेट! कुठल्या फोनला किती स्पीड द्यायचा, कुणाचा कमी करायचा — एवढीच. यात कसलं आलंय पाप? असं मी स्वतःलाच विचारायचो. वर्षानुवर्षं विचारत आलो. अंघोळ करताना, सिग्नलला थांबल्यावर, कुणाच्या लग्नात अक्षता हातात घेऊन उभा असताना. आता तू म्हणशील, ज्यात पाप नाही त्याबद्दल माणूस इतक्यांदा विचारेल कशाला? तेच तर.

आम्ही शिवाजी पार्कला राहतो. म्हणजे पार्कापासून जरा आत, दुसरा मजला, जुन्या जाड भिंतींची जागा. घरात चौघं — आई, मी, मेधा आणि आमची लेक सई. मी एका औषध कंपनीत खरेदी विभागात आहे. मेधा घरातूनच इंग्रजीच्या शिकवण्या घेते. सई तेव्हा कॉलेजात होती. आणि आई — आईबद्दल नीट सांगायला हवं.

आईचं माहेर फणसवाडीतलं. तिच्या वडिलांची शिस्त अशी, की सकाळी स्तोत्रं म्हटल्याशिवाय चहाचा कप समोर यायचा नाही. त्यामुळे लहानपणीच सगळं तोंडपाठ. तिला पुस्तक कधी लागलंच नाही. सहस्रनाम — देवाची हजार नावं, एकामागून एक — ती भाजी निवडता निवडता म्हणायची. मध्येच उठून दारावर आलेल्या भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडायची, आणि परत येऊन जिथं सोडलं होतं तिथूनच पुढचं नाव उचलायची. मी लहान असताना मुद्दाम मध्ये मध्ये बोलून तिला चुकवायचा प्रयत्न करायचो. एकदाही चुकली नाही.

तिचं एक पठण मंडळ होतं. गिरगावातल्या, दादरच्या, परळच्या बायका. त्यांच्यात एक ‘सांगणारी’ असते. ती नाव म्हणते, बाकीच्या तिच्यामागून म्हणतात. सांगणारीचा मान मोठा, आणि जबाबदारीही तशीच — तिनं नाव गाळायचं नाही. नाव गळलं की आवर्तन खंडित झालं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि गाळलं म्हणजे देवाचं नाव गाळलं, ही टोचणी वेगळीच. माझं लग्न व्हायच्या आधीपासून आमची आई त्या मंडळाची सांगणारी. तिचं नाव गळणं? अरे हट! कल्पनाच कुणी केली नसती.

आणि मला ती आयुष्यभर टोकत आली. उच्चारांवरून. शहामृगातला ‘श’ कुठला, पोटफोड्या ‘ष’ कुठला. ‘विशेष’ म्हटलं की तिची मान वर व्हायचीच. पाहुण्यांसमोर, माझ्या सासुरवाडीच्या माणसांसमोर, एकदा तर माझ्या साहेबांसमोर. प्रेमानं टोकायची, असं सगळे म्हणतात. असेलही प्रेमानं. मला पन्नाशी उलटल्यावरही ते सहावीतल्या मुलासारखं झोंबायचं, हे मात्र मी कुणाला कधी म्हटलं नाही.

मग लॉकडाऊन लागला. मंडळ टॅबवर आलं. माझं ऑफिस लॅपटॉपवर, मेधाच्या शिकवण्या लॅपटॉपवर, सईचं कॉलेज फोनवर. नेट एक आणि ओढणारे चार. आमच्या बिल्डिंगीत पाण्याचं कसं आहे — खालच्या मजल्यावर नळ सोडला की वरच्यांची धार बारीक होते. नेटचंही अगदी तसंच. शेवटी मी नवीन राउटर आणला. त्याच्या अ‍ॅपमध्ये घरातलं एकूण एक यंत्र दिसतं, आणि प्रत्येकासमोर एक पट्टी असते. पट्टी उजवीकडे सरकवली की त्या यंत्राची धार मोठी, डावीकडे सरकवली की बारीक. वेळही लावून ठेवता येते, म्हणजे ठरलेल्या तासापुरतीच धार बारीक. हे सगळं कळणारा घरात मी एकटा. मेधा म्हणायची, “आमच्याकडे पाणी सोडायला वॉलमन आहे.” मला गंमत वाटायची. थोडी ऐटही वाटायची.

नऊला माझी ऑफिसची रोजची मीटिंग आणि नऊलाच आईचं पठण. मी तिला म्हटलं, अर्धा तास पुढे ढकल ना. ती म्हणाली, “देवाला सांगू का, आमच्या चिरंजीवांची मीटिंग आहे, जरा थांबा म्हणून?” झालं. विषय संपला.

एके दिवशी माझा माइक चालू राहिला. मी बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज, खणखणीत, नावांमागून नावं. माझा बॉस माझ्यापेक्षा वयानं चांगलाच लहान. तो म्हणाला, “सर, आज तुमच्याकडून तीर्थप्रसाद पण!” सगळे हसले. मी हसून घेतलं. पुढे माझं प्रेझेंटेशन सुरू झालं आणि ऐन मोक्याला माझा चेहरा पडद्यावर अडकला — तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि दुपारपर्यंत तो ऑफिसच्या ग्रुपवर फिरत होता. त्याच दुपारी मी आईच्या टॅबची पट्टी पार डावीकडे नेली. नऊ ते दहा. फक्त तेवढाच तास.

आता, त्यात भयंकर काही होतं असं मला अजूनही वाटत नाही. नोकरी होती, ते दिवस वाईट होते, माणसं नोकरी जाऊन घरी बसत होती. आईला सांगायला हवं होतं, एवढंच. संध्याकाळी सांगू म्हटलं आणि राहिलं. गोष्ट इथंच संपली असती तर मी तुला त्रास दिला नसता.

पुढचं नीट समजून घे, कारण सगळं त्यावरच आहे. धार बारीक झाली की आवाज सलग जात नाही. मधले तुकडे वाटेतच पडतात. आमच्या ऑफिसात असं झालं की सगळे ओरडतात, नेट गंडलंय, नेट गंडलंय. पण मंडळातल्या बायका काय करायच्या? स्वतःचे माइक बंद ठेवायच्या, मांडीवर पुस्तक उघडायच्या आणि आईच्या आवाजाबरोबर एकेका नावावर बोट पुढे न्यायच्या. बोट एका नावावर, आणि कानावर येतंय त्याच्या पुढचं. त्यांना नेट गेल्याचं कळलंच नाही. नाव गळल्याचं कळलं.

सुलभामावशीचा फोन आला. सुलभामावशी म्हणजे आईची फणसवाडीतली बालमैत्रीण, अजून गिरगावातच राहते. ती भीत भीत म्हणाली, “शालू, रागावू नकोस हं. आज तुझी चार-पाच नावं गळली गं.” आई हसली. “तुझे कान तपासून घे,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग आणखी दोघी-तिघींनी तेच सांगितलं. फोनवर बोलणाऱ्या आईचा चेहरा मी बघत होतो. आधी राग होता, मग हसू, मग काहीतरी तिसरंच — मी तो चेहरा त्याआधी पाहिलेला नव्हता.

तिनं स्वतःची परीक्षा घेतली. ताटात हजार तांदूळ मोजून घेतले आणि प्रत्येक नावाला एक दाणा वाटीत टाकत एकटीच म्हणायला बसली. शेवटच्या नावाला शेवटचा दाणा. बरोबर जुळलं. कुणीही म्हटलं असतं, झालं, मिटलं. पण आईनं त्याचा अर्थ असा लावला, की आपण नाव न म्हणताच दाणा टाकत असणार. तिचं म्हणणं, आपली जीभ आपल्याला फसवते तसा हातही फसवत असेल. मेधानं हे मला हसत हसत सांगितलं, आणि सांगता सांगताच तिचं हसू गेलं.

मग आई माझ्या खोलीच्या दारात आली. मला विचारताना ती कधी दारात उभी राहत नाही, थेट आत येऊन पलंगावर बसते. त्या दिवशी उंबऱ्यातच थांबली. “जरा नेट बघतोस का रे? सुलभा म्हणते, एखादवेळेस नेटचंही असेल.”

मी काय केलं? माझा फोन काढला, स्पीड मोजायचं ते अ‍ॅप असतं ना, ते लावलं. काटा सरसर वर गेला. माझ्याच फोनवर मोजलं, दुपारच्या वेळी. तिच्यासमोर फोन धरला. “बघ, कसलं सुसाट धावतंय. नेटला काही झालेलं नाही.”

ती त्या काट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे माझंच काहीतरी होतंय?”

मी म्हणालो, “वय झालं आई. होतं असं.”

पट्टी आपणच सरकवली आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात होतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी घातलाय, की एखादं उत्तर सोयीचं निघालं असतं. कामाचा ताण होता, डोक्यात शंभर गोष्टी होत्या, विसरलो असेन. नाही. लक्षात होतं. चांगलं लक्षात होतं. तिच्याशी बोलताना माझ्या डोळ्यांसमोर ती पट्टी होती.

तरीही — खरं सांगतो — तोपर्यंतचं मी स्वतःला माफ करू शकलो असतो. कधीतरी लाज वाटून पट्टी परत उजवीकडे नेली असती, नावं आपोआप सापडली असती, कुणाला काही कळलंही नसतं. यातली मेख हीच. मला पकडलं जाण्याची भीतीच नव्हती. एक बोट फिरवलं असतं की संपलं. पुढे ऑफिस उघडलं, मंडळ मात्र टॅबवरच राहिलं, आणि मी सकाळी पावणेनऊलाच घरातून निघायला लागलो. घरात माझी मीटिंगच नाही, तर त्या नऊ ते दहाचा उपयोग काय? काडीचा नाही. तरी पट्टी तिथंच. रोज नऊ वाजता धार आपसूक बारीक व्हायची आणि आतल्या खोलीत माझ्या आईची नावं गळायची, आणि त्या वेळी मी प्रभादेवीच्या सिग्नलला उभा असायचो. मला माहीत असायचं, आता नऊ वाजले.

का काढली नाही? इथं मला थांबावंसं वाटतंय. पण इथवर आलोय.

आई मला विचारायला लागली होती, म्हणून. आयुष्यभर जिनं मला दुरुस्त केलं, ती आता विचारायची — “हे बरोबर आहे ना रे? तू सांग.” बँकेचा निरोप वाचून दाखवायला मला हाक. डाळीत मीठ घातलं का, मला विचार. माझं बोलणं ती आता मध्ये तोडत नव्हती. मी ‘विशेष’ कसंही म्हटलं तरी तिची मान वर होत नव्हती. घर शांत झालं होतं, आणि त्या शांततेत मी मोठा झालो होतो. आवडलं रे मला ते. दुसरा शब्दच नाही. आवडलं.

मेधाला मात्र राहून राहून टॅबचा संशय. “आईंचंच कसं असं होतं? तो टॅबच मेला जुनाट झालाय.” तिनं मला न सांगता आईच्या वाढदिवसाला नवा टॅब आणला. सईनं त्यावर सगळं चढवून दिलं. शनिवार होता, मी घरी होतो. नऊ वाजले. नव्या टॅबसमोर कुठली पट्टीच नव्हती — राउटरला तो अनोळखी होता, त्याला पूर्ण धार मिळाली. आईनं पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत म्हटलं. संपल्यावर सगळ्या बायकांनी माइक उघडले आणि नुसता गलका. सुलभामावशी रडत होती. “शालू, एक नाव नाही गळलं गं! एक नाही!”

तो दिवस तू बघायला हवा होतास. आईनं मेधाला ओट्यापासून हाकललं आणि स्वतः शिरा केला. बेदाणे घालून, केळं घालून. गुणगुणत होती. शेजारी वाटी नेऊन दिली. जेवायला बसलो, सुलभामावशी फोनवर, फोन ताटांच्या मधोमध. आणि आई माझ्याकडे बघून म्हणाली, “वय झालं म्हणे माझं! ऐकलंस का सुलभा, या शहाण्यानं मला म्हातारीत काढलं होतं. अरे, तुला अजून धड ‘विशेष’ म्हणता येत नाही, आणि माझी नावं मोजायला निघालास?”

सगळे हसले. मेधा हसली, सई हसली, फोनमधून सुलभामावशी हसली. मीही हसलो. शिरा दुसऱ्यांदा वाढून घेतला.

जेवण झालं. हात धुतले, पुसले. गॅलरीत जाऊन बसलो. ऊन होतं, खाली कुणीतरी स्कूटर धूत होतं. मी फोन काढला, अ‍ॅप उघडलं. यादीत एक नवं यंत्र दिसत होतं, नाव नसलेलं. मी त्याला ‘आई’ असं नाव दिलं, पट्टी पार डावीकडे नेली आणि वेळ लावली — नऊ ते दहा.

हेच ते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

रागानं थरथरत होतो, असंही नाही. कुणी भरीला घातलं नव्हतं. पहिल्या वेळी निदान मीटिंगचं निमित्त होतं, ‘संध्याकाळी सांगू’ होतं. या वेळी काय होतं? भरलेलं पोट होतं, आणि जिच्या हातचा शिरा खाऊन उठलो होतो ती आतल्या खोलीत समाधानानं झोपली होती. मला बरं वाटलं. फोन खिशात ठेवताना मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नावं गळली. त्याच्या पुढच्या दिवशीही. नव्या टॅबवर गळली म्हटल्यावर टॅबचाही संशय फिटला. आता कुणाला नेट सुचेना, यंत्र सुचेना. आईची तर खात्रीच पटली. एक दिवस जमतं आणि दुसऱ्या दिवशी जमत नाही, म्हणजे डोक्यातलंच काहीतरी सुटत चाललंय, असं ती मेधाला म्हणाली. तो एक चांगला दिवस आला नसता तर कदाचित ती अजून थोडी झगडली असती. त्या दिवसानंच तिचा निकाल लावला.

आठवड्याभरात तिनं सुलभामावशीला फोन केला. मी तिथंच पेपर वाचत होतो. “माझ्यानं होत नाही आता. देवाची नावं गाळायचं पाप नको माझ्या माथी. दुसरं कुणी बघ.” पलीकडून मावशी समजावत असावी. आई ऐकत राहिली, मग म्हणाली, “नाही गं. तुम्ही चालवून घेताय माझं. मला कळतं ते.” सांगणारीचा मान डिलाईल रोडच्या एका तरुण मुलीकडे गेला. चांगली म्हणते ती. आई पहिल्या दिवशी टॅबसमोर बसली, माइक बंद करून, मांडीवर पुस्तक घेऊन. तिच्या मांडीवर पुस्तक मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

त्याच दिवशी मी पट्टी उजवीकडे नेली. आता तिच्या टॅबला घरात सगळ्यात मोठी धार आहे, माझ्या लॅपटॉपपेक्षाही मोठी. पण तिकडून जायला आवाजच नव्हता. मी एकदा म्हटलं, “आई, तू म्हणून बघ ना परत.” ती म्हणाली, “नको रे. चारचौघींत शोभा नको.”

मग एकेक गोष्ट सुटत गेली. देवघरात बसली तरी ती मोठ्यानं म्हणेना, पुस्तकावर बोट फिरवून उठायला लागली. गॅस बंद केलाय का म्हणून तीनतीनदा जाऊन बघायची. गोळी घेतली की नाही, मेधाला विचारायची. भाजीला एकटी जायची बंद झाली — सुट्टे पैसे घेताना घोळ होईल म्हणे. कधी झाला नव्हता घोळ. पार्कात सकाळी चक्कर मारायची, तीही बंद, कुणी ओळखीचं भेटलं आणि नाव आठवलं नाही तर? माणूस असा आतून आवरत जाताना मी रोज बघत होतो. ताट वाढताना, पाणी देताना. मी सांगू शकत होतो. आजही सांगू शकतो. एका वाक्याचं काम आहे — आई, तुझं काही चुकत नव्हतं, मी केलं होतं ते.

नाही सांगितलं. ती रागावेल म्हणून? छे. ती रागावली, चार शिव्या घातल्या, तर मी पाय धरीन, ते मला जमेल. मला भीती वाटते ती वेगळी. ती ऐकेल, आणि मग विचारेल, “पण का रे?” आणि त्याला माझ्याकडे उत्तर आहे. ते उत्तर तिच्या तोंडावर द्यायची माझी छाती नाही. मी भेकड आहे. हा शब्द मी स्वतःला लावायला फार वर्षं घेतली.

परवा आईच म्हणाली, मला डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन चल, काय ते एकदा कळू दे. मेधाची शिकवणी होती, मी गेलो. दादरलाच आहे दवाखाना. डॉक्टर तरुण, गोड बोलणारे. त्यांनी तिला घड्याळ काढायला लावलं, काही शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले, शंभरातून सात सात वजा करायला लावलं. आई एकाही ठिकाणी अडली नाही. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. “आजी, तुमची स्मरणशक्ती उत्तम आहे. खरंच उत्तम. तुम्हाला कुणी सांगितलं, काही झालंय म्हणून?”

“मग नावं का गळायची?” आईनं विचारलं.

कुठली नावं, ते त्यांना कळेना. आईनं सगळं सांगितलं. मंडळ, टॅब, पुस्तकावरची बोटं, जुना टॅब, नवा टॅब, तो एक चांगला दिवस. डॉक्टर ऐकता ऐकता हसायला लागले. “अहो आजी, ते नेटवर्क असणार! आवाज तुटतो ना मध्ये मध्ये. दुसरं काही नाही.”

आईनं मान हलवली. ठामपणे हलवली, बऱ्याच दिवसांनी तशी हलवली. “नाही डॉक्टर. नेट नव्हतं. यानं तपासलं होतं तेव्हा, मला काटा दाखवला होता. याला कळतं त्यातलं.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आईनंही पाहिलं. तिच्या डोळ्यांत — मी ते नीट पाहिलं, चुकून नाही — थोडीशी आशा होती. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं, की डॉक्टर म्हणतात तसं असेलही. खरं सांगायचीही गरज नव्हती. ‘असेलही’ एवढं पुरलं असतं.

मी म्हणालो, “नेट व्यवस्थित होतं.”

खाली आलो. फुटपाथवर गर्दी होती. आईनं माझा दंड धरला. “डॉक्टर काय, बरं वाटावं म्हणून बोलतात बिचारे,” ती म्हणाली. “तू तेव्हाच मला स्पष्ट सांगितलंस, ते बरं झालं. नाहीतर मी आपली तशीच म्हणत राहिले असते.”

मी टॅक्सीला हात केला.